फायबरच्या बोटीवरची जुनी स्टिकर्स काढून मराठीत नाव लावायचं तर

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या पाण्यात चालणारी सोळा फुटी फायबरची बोट, पांढरी बॉडी, दोन्ही अंगांना दहा-बारा वर्षांपूर्वीच्या निळ्या पट्ट्या आणि इंग्रजी नाव. स्टिकरचं व्हिनाइल, म्हणजे त्याचा पातळ प्लॅस्टिकचा थर, तडकलंय, कडा उचलल्यात. ते काढून मराठीत नाव लावायचं आहे. गॅरेजवाला म्हणतो थिनर आणि ब्लेड घ्या, अर्ध्या तासात साफ. दुसरा म्हणतो काढत कशाला बसता, वरून रंग मारा.

रंगाचा सल्ला आधी निकालात काढतो. व्हिनाइलवर रंग नीट धरत नाही, आणि धरला तरी खालच्या स्टिकरची कड रंगातून उमटतेच. स्टिकर उन्हात आकसत राहतं, कडेला रंग फाटतो, फटीतून पाणी आत जातं. मग रंग आणि स्टिकर दोन्ही खरवडायची वेळ येते.

थिनर-ब्लेड मोटारीच्या काचेसाठी ठीक आहे. बोटीची बाहेरची चकाकी म्हणजे जेलकोट, साधारण ०.४ ते ०.६ मिमी जाडीचा पॉलिस्टरचा रंगीत थर. त्याच्या खाली थेट काचतंतू आणि रेझिन. ब्लेडचं टोक एकदा रुतलं की ती रेघ भरायला जेलकोटची पुटी, वॉटर पेपर, रंगजुळणी असा दिवसभराचा उद्योग मागे लागतो. स्टिकर बिघडलं तर दुसरं कापून मिळतं, जेलकोट घासला गेला तो गेलाच. म्हणून उष्णता आधी, रसायन नंतर, हत्यार सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका.

सुरुवातीला बोटीवर जेलकोट आहे की मागच्या मालकाने रंग मारलाय, ते तपासा. मागच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी पांढऱ्या फडक्यावर थोडं ॲसिटोन घेऊन पाच-सहा वेळा पुसा. पृष्ठभाग चिकट झाला, मऊ पडला किंवा फडक्यावर रंग उतरला तर वर रंग आहे. मग थिनर आणि ॲसिटोन दोन्ही बंद, आणि उष्णताही जपून, कारण स्टिकरबरोबर रंगाची साल निघू शकते. फडक्यावर कोरडी पांढरी पूड आली तर घाबरू नका, तो उन्हाने खडूसारखा झालेला जेलकोट आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

जुनं काढण्याआधी त्याची नोंद घ्या. दोन्ही बाजूंचे फोटो टेप लावून काढा. नाव काठापासून किती खाली आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, किती मागे आहे ते लिहा. शक्य असेल तर बटर पेपर चिकटवून जुन्या अक्षरांची बाह्यरेषा गिरवून ठेवा. नवं डिझाइन ठरवताना हा कागद फार उपयोगी पडतो. नोंदणी क्रमांकाचं स्टिकर असेल तर ते या सफाईत एकत्र ओढू नका. इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ खाली नोंदणीचं चिन्ह बोटीवर दिसायलाच हवं. तेव्हा नवा क्रमांक कापून हातात आल्यावरच जुना काढा आणि त्याच दिवशी नवा लावा. त्यात कलाकुसर नको, साधी ठळक अक्षरं आणि बॉडीच्या उलट रंग.

मग बोट धुवा. बादलीभर पाण्यात झाकणभर कार शाम्पू पुरतो. पाण्याच्या रेषेवर धरणाच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा पट्टा जमलेला असतो. पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून पाच मिनिटं लावलं की तो सुटतो. ही धूळ आणि क्षार राहिले तर पुढच्या प्रत्येक पुसण्यात तेच वाळूसारखे घासले जातात.

आता उष्णता. हीट गन हातात घेण्याआधी आउटबोर्डची (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाची) पेट्रोलची टाकी आणि नळी बोटीतून उतरवून लांब ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळात साचून राहते. तळाची बूच काढा, बोट तासभर उघडी राहू द्या. आणि गन चालू असताना शेजारी थिनर, टर्पेंटाइन, स्पिरिट यांपैकी काहीही उघडं नको. आधी गरम करून सगळं स्टिकर काढा, गन बंद करून बाजूला ठेवा, मगच डबे उघडा.

हीट गन सगळ्यात कमी सेटिंगवर, पृष्ठभागापासून १५-२० सेमी लांब आणि सतत हलती. लक्ष्य ५० ते ६० अंश सेल्सिअस. तळहात दोन-तीन सेकंद टेकवता येतो पण त्याहून जास्त नाही, इतपत. मोजायचं असेल तर कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड गन घ्या. करोनाच्या काळात घेतलेली कपाळावर धरायची गन चालणार नाही, ती तापापलीकडचे आकडे दाखवतच नाही. सत्तरच्या पुढे साधा पॉलिस्टर जेलकोट मऊ पडू लागतो. एकाच जागी गन धरली तर तो पिवळा पडतो, फुगा येतो किंवा आतल्या काचतंतूंचं विणकाम वर उमटतं. हे नुकसान पॉलिशने जात नाही.

नाशिकच्या एप्रिलमध्ये गनची निम्मी गरज ऊनच भागवतं. बोट स्टिकरची बाजू उन्हाकडे करून तासभर उभी करा आणि हात लावून बघा. जेट्टीवर वीज नसेल तर कडकडीत पाण्यात बुडवलेला जाड टॉवेल दोन मिनिटं दाबून धरला तरी अक्षर सुटतं. छोट्या अक्षरांना केस वाळवायचा ड्रायर पुरतो.

एका कोपऱ्यात नख किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालून कड उचला. जुनं एटीएम कार्ड उत्तम, बोथट झालं की कात्रीने कड कापली की पुन्हा नवं. पकडलेली कड सरळ वर उचकू नका, मागे वळवून तिरकी आणि सावकाश ओढा, आणि जिथे सुटतंय त्याच्या बोटभर पुढे ऊब देत राहा. हाताला लगेच कळतं. कमी गरम असेल तर व्हिनाइल टचकन तुटतं. जास्त झालं तर च्युइंगमसारखं ताणतं आणि गोंद सगळा बोटीवर राहतो. दोन्हींच्या मधल्या गरमीला एक सलग, किंचित चर्र असा आवाज करत पट्टी निघते आणि बराचसा गोंद तिच्याच पाठीवर येतो. घाई केली की हा गोंद मागे राहतो आणि वाचवलेला वेळ तो पुसण्यात जातो.

दहा-बारा वर्षांच्या स्टिकरमध्ये मात्र दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली बाजू बहुधा दगा देते. व्हिनाइल मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाने उडून गेलेलं असतं. कितीही गरम करा, नखाएवढे तुकडेच पडतात. अशा जागी गनचा हट्ट सोडा. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त स्टिकरचा वरचा तकतकीतपणा मोडा, जेलकोटला पेपर लागू देऊ नका. त्यावर मिनरल टर्पेंटाइन किंवा संत्र्याच्या सालीच्या तेलाचा तयार ग्लू रिमूव्हर ओलसर लावा आणि वर क्लिंग फिल्म किंवा कापून सपाट केलेली दुधाची पिशवी चिकटवा. वीस मिनिटांत द्रव आत झिरपतो आणि कार्डाने पापुद्रे सरकू लागतात. स्टिकरवर कटरने चौकटी पाडून रसायन आत सोडायची युक्ती ऐकाल, ती करू नका. कटर स्टिकरच्या खाली कुठे थांबला हे कुणालाच दिसत नाही, आणि त्या चौकटी जेलकोटवर कायमच्या राहतात.

पट्ट्या लांब आणि जुन्या असतील तर रबर व्हील घ्या. खोडरबरासारखं चाक असतं, ड्रिलला लागतं आणि स्टिकरचा गोंदासकट चुरा करतं. इथे एक घोटाळा हमखास होतो: चाक चार इंची ग्राइंडरवर चढवलं जातं. ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, ही चाकं बहुधा ४,००० च्या आतली असतात. चाक फुटू शकतं, आणि नाही फुटलं तरी जेलकोट भाजतो. ड्रिल १,००० ते १,५०० वर ठेवा, टेकवा पण दाबू नका, चार-पाच सेकंदांनी उचलून हात लावा. चटका बसला तर थांबा. पांढऱ्या बॉडीवर हे निभावतं. गडद निळ्या किंवा लाल जेलकोटवर चाकाचा मातकट डाग उठतो, तिथे शक्यतो टाळाच. गॉगल आणि मास्क हवेच, चुरा तोंडावर येतो.

उरलेल्या गोंदाला मिनरल टर्पेंटाइन सगळ्यात स्वस्त आणि सौम्य. मेडिकलमध्ये मिळणारं निलगिरी तेल त्याहून चांगलं चालतं, पण महाग पडतं, म्हणून हट्टी ठिपक्यांपुरतं. डब्ल्यूडी-४० नेही गोंद सुटतो, फक्त मागे राहणारा तेलाचा थर काढायला दुप्पट धुवावं लागतं. १२० बाय ३० सेमीच्या एका नावाला पाव लिटर टर्पेंटाइन पुरेसं होतं. फडकं ओलं करून गोंदावर पाच मिनिटं ठेवा, कार्डाने ढकला, आणि सुटलेला गोंद वाळायच्या आत दुसऱ्या फडक्याने उचला. एकच फडकं फिरवत बसलात तर गोंद फक्त हातभर पसरतो. फडकी भरपूर लागतात, जुनी सुती बनियनं आणि धोतरं जमवून ठेवा. वापरलेली फडकी बोळा करून बोटीत टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा.

एनसी थिनर, म्हणजे गॅरेजमधला तीव्र नायट्रोसेल्युलोज थिनर, पक्क्या जेलकोटला लगेच खात नाही हे खरं, पण ओलं फडकं ठेवून दिलं तर चकाकी मरते. शिवाय तो ओघळून समोरच्या ॲक्रिलिकच्या काचेवर, रबराच्या पट्टीवर किंवा रंगवलेल्या भागावर गेला की तिथलं नुकसान मोठं असतं. ॲसिटोनचा एक थेंब ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकवर जाळीदार तडे पाडू शकतो. पेट्रोलने पुसायचा विचारही नको.

गोंद संपला की भांडी घासायच्या लिक्विडने दोनदा धुवा आणि वाळवा. नंतर नुसत्या पाण्याचा फवारा मारून बघा. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर जागा स्वच्छ. थेंब-थेंब गोळा झालं तर तिथे मेण, सिलिकॉन किंवा तेल आहे. पुन्हा टर्पेंटाइन, पुन्हा साबण. या दोन मिनिटांच्या चाचणीवर नव्या स्टिकरचं आयुष्य ठरतं.

इथपर्यंत येऊन समोर बघाल तर इंग्रजी नाव अजून तिथेच असेल. स्टिकर नाही, त्याची सावली. स्टिकरखालचा जेलकोट नव्यासारखा राहिला, भोवतालचा ऊन खाऊन खडूसारखा झाला. म्हणजे डाग अक्षरांच्या जागी नाही, डाग बाकीच्या बोटीवर आहे. अक्षरं घासत बसणं उलट्या दिशेने जाणं आहे. भोवतालचा भाग खाली आणायचा असतो, तोही एका चौकोनापुरता नाही तर काठापासून खालच्या कोनापर्यंतचा, म्हणजे बाजू तळाला मिळते तिथपर्यंतचा, पूर्ण पट्टा, नाहीतर चकाकीचा नवाच चौकोन उठून दिसतो.

आधी नुसतं रबिंग कंपाउंड वापरून बघा. बफिंग मशिन १,२०० ते १,८०० फेऱ्यांवर, लोकरीचं पॅड, दोन फूट बाय दोन फूट तुकड्यावर चमचाभर कंपाउंड. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे मशिन असतं. माणसासकट बोलावलंत तर त्याला सांगा की हा गाडीचा रंग नाही, कडांवर पॅड टेकवू नको. कडांवर आणि कोपऱ्यांवर जेलकोट सर्वांत पातळ असतो. कंपाउंडने भागलं नाही तर वॉटर पेपर: १,००० नंबर, मग १,५००, मग २,०००, सपाट ठोकळ्यावर, साबणाच्या पाण्यात. खडू फारच जाड असेल तरच ८०० पासून सुरुवात. प्रत्येक नंबरनंतर दिशा बदला, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. घासताना पाण्यात बॉडीचा रंग उतरणारच. पण पांढऱ्याखालून करडी झाक किंवा तंतूंची नक्षी दिसू लागली तर त्या क्षणी थांबा. तिथे जेलकोट संपत आलाय.

पांढऱ्या बोटीवर सावली बहुतेक जाते. निळ्या-लालवर अंधूक उरते, कारण तिथे नुसता खडू नाही, रंगद्रव्यच फिकं झालेलं असतं. अशा वेळी घासण्याचा हट्ट सोडून नवं डिझाइनच जुन्यावर बसवा. बटर पेपरवर गिरवलेली जुनी अक्षरं नव्या नावाखाली धरून बघा. नव्या नावामागे एखादा भरीव पट्टा असा आखा की तो जुन्या सावलीच्या सगळीकडून १-२ सेमी बाहेर जाईल. जेलकोट वाचवायचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

सावली दिसो न दिसो, खडू मात्र काढावाच लागतो. नवं स्टिकर महिन्याभरात उचललं आणि त्याच्या पाठीवर पांढरी पूड दिसली, तर दोष गोंदाचा नसतो. गोंद पुडीला चिकटला होता आणि पूड बोटीला नव्हती.

जुन्या पाट्यांच्या स्क्रूची भोकं, ओरखडे जेलकोटच्या पुटीने भरले असतील तर त्यावर किमान आठवडाभर स्टिकर नको. ताज्या पॉलिस्टरमधून स्टायरीनची वाफ निघत राहते आणि व्हिनाइलखाली फुगे धरते. ताज्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगालाही हेच लागू.

आता माल. दुकानात जाऊन नुसतं 'रेडियम मारून द्या' म्हटलं तर रिक्षाच्या मागे लावतात ते स्वस्त व्हिनाइल मिळेल. ते रोलरने लाटून बनवलेलं असतं, उन्हात मूळ आकाराकडे आकसतं, म्हणून कडेला गोंदाची काळी किनार दिसते. बोटीला कास्ट व्हिनाइल मागा. ते साधारण ५० ते ६० मायक्रॉनचं, आकसत नाही, वळणावर बसतं. ओराकॅल कंपनीचं ६५१ सर्वत्र मिळतं, पण ते लाटलेलंच, ६३ मायक्रॉनचं. सपाट बाजूवर चार-पाच वर्षं काढेल, वळणावर नको. त्यांचंच ७५१ कास्ट आहे. थ्रीएम आणि एव्हरीमध्येही दोन्ही जाती असतात, रोलच्या आतल्या लेबलवर 'कास्ट' शब्द डोळ्यांनी वाचा. खरं रिफ्लेक्टिव्ह रेडियम नोंदणी क्रमांकापुरतं ठीक. ते जाड आणि ठिसूळ असतं, वळणावर तडकतं, आणि पुढे काढताना रडवतं.

मराठी नाव कापण्यात एक गोष्ट अशी आहे की ती चुकली तर सगळा माल वाया. समजा नाव 'गोदाई' आहे. फॉन्टमध्ये ग, काना, मात्रा, द ही सगळी सुटी चित्रं असतात आणि शिरोरेघेवर ती एकमेकांवर थोडी चढलेली असतात. कागदावर छापताना हे दिसत नाही. कटिंग प्लॉटर, म्हणजे व्हिनाइल कापणारं यंत्र, मात्र प्रत्येक चित्राची बाह्यरेषा कापतो. परिणाम असा की प्रत्येक सांध्यावर शिरोरेघेत दोन उभे काप पडतात, आणि नको असलेलं व्हिनाइल सोलताना मधला चिंचोळा तुकडा निघून येतो. वर्षभरात त्याच कापातून शिरोरेघ उलगडते. म्हणून कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दाचं कर्व्ह करून (फॉन्टऐवजी नुसत्या रेघांचं चित्र करून) सगळे भाग वेल्ड करायला, म्हणजे एकात मिसळायला सांगा, आणि तुमच्यासमोर नुसत्या बाह्यरेषा दाखवणारा वायरफ्रेम व्ह्यू लावायला सांगा. पूर्ण शब्दाची एकच सलग रेघ दिसली पाहिजे, सांध्यावर आडव्या-उभ्या रेघा दिसल्या तर वेल्ड झालेलं नाही. फाइल तुम्ही पाठवणार असाल तर कर्व्ह करूनच पाठवा. दुकानाच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तर वेलांटी आणि रफार भलतीकडे जातात.

बारीक टोकं कमी ठेवा. सुलेखनातली निमुळती शेपटी कितीही देखणी असली तरी ४-५ मिमीपेक्षा बारीक टोक पाणी पहिल्यांदा उचलतं. टोकांना आणि शिरोरेघेच्या दोन्ही शेवटांना २-३ मिमीची गोलाई द्या. अनुस्वाराचा ठिपका १५ मिमीपेक्षा लहान नको. बोटीवरून पहिला गळतो तो अनुस्वार, आणि मग 'गंगा'ची 'गगा' होते.

शिरोरेघेचा आणखी एक जाच आहे. इंग्रजी अक्षरं सुटी असल्याने बोटीच्या वळणावर थोडी वर-खाली झाली तरी खपतात. शिरोरेघ म्हणजे काठाशेजारी ओढलेली पट्टीची सरळ रेघ. काठ नाळेकडे वर चढत जातो, रेघ सरळ राहते, आणि नाव मध्येच पोट सुटल्यासारखं दिसतं. मापायची रीत सोपी आहे. नाव जिथे येणार तिथे काठालगत १२० सेमीची दोरी ताणा, आणि मधोमध दोरी व काठ यांत किती अंतर पडतं ते बघा. ५ मिमीपर्यंत असेल तर सरळ नाव चालेल. त्याहून जास्त असेल तर नावालाच तेवढा बाक द्या. तो सॉफ्टवेअरमधल्या 'टेक्स्ट ऑन पाथ'ने देऊ नका, त्यात अक्षर-अक्षर फिरतं आणि शिरोरेघ सांध्यावर मोडते. त्यातल्याच एन्व्हलप या हत्याराने पूर्ण शब्द वाकवा आणि वेल्ड त्यानंतर करा. आधी कागदावर खऱ्या मापात प्रिंट काढून बोटीवर टेपने लावून बघायला फार पैसे पडत नाहीत. उजव्या आणि डाव्या बाजूसाठी दोन प्रिंट काढा. पट्टे, बाण वगैरे आरशासारखे उलटवायचे, नाव उलटवायचं नाही. तिरप्या अक्षरांचं नाव एका बाजूला पुढे झुकतं आणि दुसऱ्या बाजूला मागे, म्हणून बोटीला सरळ अक्षर बरं.

लावायची वेळ निवडा. गोंदाला साधारण १५ ते ३० अंशांची बॉडी आवडते, दहाच्या खाली तो धरतच नाही. निफाडकडे पारा एक आकडी असतो त्या दिवसांत नाशिकमध्येही सकाळी अकराच्या आत सुरुवात नको. मे महिन्यात उलट, सकाळी दहाच्या आत आणि सावलीत संपवा. तापलेल्या बॉडीवर स्टिकर टेकताक्षणी धरतं आणि सरकवता येत नाही. पावसाळ्यात हे काम काढू नका. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस आणि फेब्रुवारी हा उत्तम काळ.

लावायच्या अगदी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल ७० भाग, पाणी ३० भाग अशा मिश्रणाने पुसा. एका हाताने ओलं, लगेच दुसऱ्या हाताने कोरडं. मेण-पॉलिश यापूर्वी अजिबात नको.

कास्ट व्हिनाइलवर हवा जायच्या बारीक चरांची पाठ असेल तर ते कोरडंच लावतात, पाणी त्या चरांत अडकतं. साधी पाठ असेल तर ओली पद्धत नवशिक्याला सोपी. एक लिटर आरओच्या पाण्यात तीन-चार थेंब बेबी शाम्पू. जास्त शाम्पूने फेस अडकतो आणि गोंद उशिरा धरतो. बोअरचं पाणी वापरलं तर क्षारांचे ठिपके स्टिकरखाली राहतात. कंडिशनर असलेला शाम्पू नको.

नाव मास्किंग टेपने वरून लावा आणि पंधरा पावलं मागे जाऊन बघा. माप काठापासून घ्या, जमिनीपासून नाही, ट्रेलरवरची बोट समपातळीत कधीच नसते. मग नावाच्या मधोमध उभा रुंद टेप लावून बिजागरी करा. अर्धा भाग उचला, मागचा कागद सोलून कापा, बॉडी आणि गोंद दोन्हींवर फवारा मारा, टेकवा. फेल्ट लावलेल्या स्क्वीजीने (पाणी ओढायच्या पट्टीने) मधून बाहेर, ४५ अंशांत, आधीच्या फटक्यावर अर्धा चढवत पाणी काढा. बिजागरीचा टेप काढून दुसरा अर्धा तसाच. शिरोरेघ आधी बसवा, अक्षरं तिच्यावरून खाली दाबत या. खालून वर गेलात तर शिरोरेघ लाटेसारखी येते.

कापलेली अक्षरं एकत्र धरून ठेवणारा वरचा ट्रान्सफर टेप लगेच ओढू नका. उन्हाळ्यात वीस मिनिटं, थंडीत तासभर थांबा, मग टेप स्वतःवरच पूर्ण दुमडून बॉडीला समांतर ओढा. एखादी मात्रा टेपबरोबर उठली तर परत टेकवा, दाबा, आणखी थांबा. फुगा राहिला तर कडेला बारीक सुईने टोचून बोटाने त्या दिशेला सारा. ब्लेडने फाडायचं नाही. टाचणीच्या डोक्याएवढे पाण्याचे फुगे आठ-पंधरा दिवसांत आपोआप बसतात. पट्टा दोन तुकड्यांत येत असेल तर ५-८ मिमी चढवा आणि वरच्या तुकड्याची कड मागच्या बाजूला तोंड करून ठेवा, म्हणजे पाणी कडेत शिरण्याऐवजी तिच्यावरून जातं. काठाच्या रबर पट्टीपासून १ सेमी अंतर सोडा, आणि पाण्याच्या रेषेखाली काहीच लावू नका.

मोटारीच्या रॅपिंगचे व्हिडिओ बघून शेवटी ९०-१०० अंशांची ऊब द्यायचा मोह होईल. ते पत्र्यावर चालतं. जेलकोटवर ६० हीच हद्द, आणि सपाट नावाला तेवढीही लागत नाही, फक्त वळणावरच्या टोकांना द्या.

बोट २४ तास पाण्यात नको, ७२ मिळाले तर उत्तम. आठवडाभर प्रेशर वॉशर बंद, नंतरही नोझल हातभर लांब आणि कडेवर नेम न धरता. मेण आठवड्यानंतर लावा, बॉडीवर लावताना स्टिकरच्या कडेला पांढरा राप राहू देऊ नका. पेट्रोल भरताना सांडलं तर लगेच पुसा, ते कडेने शिरून गोंद सोडवतं. ट्रेलरचा पट्टा नावावरून जात असेल तर खाली जाड कापड घाला.

दुकानातून वेल्ड केलेली फाइल आणि त्याच रोलचा हातभर तुकडा मागून घ्या. रोल थंड, अंधाऱ्या जागी गुंडाळून ठेवा, घडी करू नका. पुढे एखादी वेलांटी किंवा अनुस्वार गेला तर पुन्हा तोच रंग शोधत फिरावं लागत नाही.